लॅटव्हियन भाषेचा एंडझेलीन्स (आणि माझी घरमालकीण आजी)

रीगेकर

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत चौथं वर्ष उजाडलं इथे रीगात (लॅटव्हियाची राजधानी), शेवटी आज बाहेर नुसता चिखल आणि पाऊस आहे म्हणून बसलोच.

झालं असं की मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या आजी मूळच्या वाल्मिएराजवळच्या. रीगाहून शंभरेक किलोमीटर ईशान्येला. परवा मी स्वयंपाकघरात पातीचा कांदा चिरत होतो आणि भाषेच्या क्लासात शिकलेला शब्द फेकला, "लुओक्स". आजी हसल्या. मग कांद्याची एक पात हातात धरून म्हणाल्या "लुओक्स", दोन्ही हातांनी हवेत धनुष्यासारखी कमान काढून म्हणाल्या "लुओक्स", आणि खिडकीकडे बोट दाखवून पुन्हा "लुओक्स". मला तिन्ही शब्द एकच ऐकू आले. त्यांनी परत म्हणून दाखवलं. पात म्हणताना आवाज सपाट लांबवलेला, गाणाऱ्याने सूर धरून ठेवावा तसा. कमान म्हणताना वरून खाली घसरलेला. आणि खिडकी म्हणताना मधेच घशात चिमटा बसल्यासारखा तुटलेला, उचकी येता येता थांबावी तसा. (खिडकीच्या शेवटी लिहिताना ग आहे पण बोलताना क होतो.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तर माझा रीगातच वाढलेला सहकारी म्हणाला आमच्याकडे दोनच, कमान आणि खिडकी आम्हाला सारखीच. तिन्ही सूर वेगळे ठेवणारे लोक वाल्मिएरा, त्सेसिस वगैरे भागातलेच.

यावरून शोधत शोधत मी ज्या भाषाशास्त्रज्ञापाशी पोचलो त्याचं नाव यानिस एंडझेलीन्स. जन्म २२ फेब्रुवारी १८७३, गाव काउगुरि, कुठे? तर वाल्मिएराजवळ! म्हणजे ज्या तीन सुरांवर पुढे त्याने शास्त्र उभं केलं ते त्याला पुस्तकातून नाही, घरातूनच मिळाले होते. शिक्षण तार्तूला (आता एस्टोनियात, तेव्हा सगळंच रशियन साम्राज्य), आधी ग्रीक-लॅटिन, मग स्लाव्हिक (रशियन वगैरे) भाषा. १८९९ साली, वय वर्षं २६, आणि पठ्ठ्याने लॅटव्हियनमधला तो "तुटलेला" सूर आला कुठून हे कोडं सोडवून टाकलं.

ते कसं हे सांगतो, पण चहा टाकून येतो.

शेंगदाणाचटणी

वाचतेय. चहा लवकर टाका.

काडीकाका

अहो यात नवीन काय, लॅटव्हियन आणि लिथुआनियन या संस्कृतच्याच मुली आहेत, देव ला दिएव्स म्हणतात, धूम ला दूमि म्हणतात. सगळं इथूनच गेलंय. आपल्या लोकांना आपलं कौतुक नाही म्हणून लॅटव्हियन माणसाचे धागे काढावे लागतात.

रीगेकर

काका, तुमची वाटच बघत होतो :) त्यावर नंतर येतो, आधी सूर.

लॅटव्हियनमध्ये आघात (म्हणजे बोलताना येणारा जोर) जवळजवळ कायम पहिल्या अक्षरावर. शेजारच्या लिथुआनियनमध्ये तसं नाही, तिथे तो शब्दागणिक आणि विभक्तीगणिक इकडून तिकडे सरकतो. एंडझेलीन्सने दोन्ही भाषांतले तेच शब्द शेजारी शेजारी मांडले. डोकं म्हणजे दोन्हीकडे "गालवा". लिथुआनियनात कर्त्याच्या रूपात आघात शेवटी, कर्माच्या रूपात सुरुवातीला, म्हणजे फिरता. लॅटव्हियनात याच शब्दावर तुटलेला सूर. आता लिंडेनचं झाड घ्या, "लिएपा". लिथुआनियनात आघात कायम मुळावर, हलत नाही. लॅटव्हियनात सपाट सूर. अशी जोडी एक नाही, ढिगाने. म्हणजे पूर्वी लॅटव्हियनमध्येही आघात फिरत असणार, पुढे तो पहिल्या अक्षरावर येऊन बसला, पण जिथे तो फिरता होता तिथे जाताना घशातला तो चिमटा ठेवून गेला. (हे सगळं मुळात एका ठरावीक प्रकारच्या दीर्घ अक्षरांपुरतं. घसरत्या सुराचा उगम वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही.)

मला तर हे वाचून आपल्या जुन्या वाड्याची आठवण झाली. भिंत पाडली तरी फरशीवर तिची रेघ राहते ना, तसं.

घनपाठी

उत्तम विषय. थोडी भर घालतो. ऋग्वेदातले उदात्त-अनुदात्त (चढे-उतरे स्वर) हे पाठांतरामुळे टिकले, आणि तौलनिक भाषाशास्त्रवाले वैदिक, ग्रीक आणि लिथुआनियन अशा तिघांचे आघात समोरासमोर ठेवूनच मूळ भाषेतला आघात कुठे असेल ते ठरवतात. वैदिकात "धूम" आणि "वीर" दोन्हींचा उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे. लिथुआनियनात मात्र याच दोन शब्दांचा आघात मुळावर आलेला. रीगेकर, तुमच्या आजींना धूर आणि पुरुष हे शब्द म्हणायला सांगा. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर दोन्ही सपाट सुरात यायला हवेत.

रीगेकर

घनपाठी, दंडवत. आत्ता जाऊन विचारून आलो. "दूमि" सपाट. "वीर्स" सपाट. आजी म्हणाल्या तुझी पीएचडी चालू आहे का. म्हटलं नाही, पुण्यातले लोक विचारतायत.

अनवट

आपल्याकडे मराठीत सूर नाहीत पण पंजाबीत आहेत. घोडा मधला घ गेला आणि त्याच्या जागी सूर आला. म्हणजे काहीतरी नाहीसं होताना मागे सूर सोडून जातं ही गोष्ट आपल्या इथेही घडलीय.

बाकी काडीकाकांना उत्तर द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रीगेकर

देतो. काका, रागावू नका, हलके घ्या. साम्य आहे यात वादच नाही. दिएव्स देव, दिएना दिन, नक्त्स नक्त म्हणजे रात्र, अत्स म्हणजे डोळा (अक्षि), असरा म्हणजे अश्रू. "जाणे" ला इएत, आणि संस्कृतात एति. मी पहिल्या वर्षी हे शब्द ऐकून उड्याच मारल्या होत्या, घरी व्हॉट्सॅपवर यादी पण पाठवली होती.

पण मध घ्या. लॅटव्हियनात "मेदुस". संस्कृतात मधु. आता लॅटव्हियन जर संस्कृतातून निघाली असेल तर म मधल्या अ चा ए कुठून आला? दहा ला "देस्मित", इकडे दश. सात ला "सेप्तिनि", इकडे सप्त. सगळीकडे तिकडे ए आणि इकडे अ. ग्रीक-लॅटिनमध्येही दहाच्या शब्दात ए च आहे. उत्तर सरळ आहे, मूळ भाषेत ए होता, तो लॅटव्हियनने सांभाळला आणि संस्कृतने अ मध्ये मिसळून टाकला. मिसळलेलं दूध पाणी परत वेगळं करता येत नाही. म्हणजे या शब्दांत लॅटव्हियनच जास्त जुनाट आहे! आई-मुलगी नाही हो, चुलत बहिणी आहेत.

आणि नुसत्या आवाजावर विसंबलं तर फजिती होते. इथे "मासा" म्हणजे बहीण. मी पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या तोंडून "माझी मासा येतेय" असं काहीसं ऐकलं आणि जेवायला मासे आहेत असं समजून खूश झालो होतो.

काडीकाका

मधाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तूर्त एवढंच म्हणतो.

शेंगदाणाचटणी

काकांनी माघार घेतली, स्क्रीनशॉट काढून ठेवला 😂

जाता जाता, हा माणूस फक्त सुरांवरच काम करत होता का? धाग्याच्या नावावरून वाटलं चरित्र असेल.

रीगेकर

नाही नाही, सूर ही सुरुवात. खरं मोठं काम कोश. आणि ती गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांगा.

कार्लिस मीलेनबाख्स म्हणून त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा भाषातज्ज्ञ होता, जन्म १८५३. दोघांनी मिळून १९०७ मध्ये लॅटव्हियनचं व्याकरण लिहिलं. १९०८ च्या शुद्धलेखन समितीतही दोघं होते. त्याआधी लॅटव्हियन जर्मन पाद्र्यांनी बसवलेल्या पद्धतीने लिहायचे, जर्मन गॉथिक टायपात, दीर्घ स्वर दाखवायला मधे एच घालायचा, "श" साठी तीन तीन अक्षरं. समितीने सुटसुटीत लॅटिन अक्षरं घेतली, दीर्घ स्वरावर आडवी रेघ, "श" आणि "च" वर छोटं टोपीसारखं चिन्ह. आज इथल्या दुकानांच्या पाट्यांवर दिसते ती लिपी जवळजवळ तीच. अर्थात लोकांनी लगेच घेतली असं नाही, जुन्या टायपातली पुस्तकं आणि पेपर पुढे बरीच वर्षं निघत राहिले.

तर या मीलेनबाख्सने मोठा कोश करायला घेतला होता. पहिलं महायुद्ध आलं, जर्मन फौजा जवळ आल्या, लाखो लॅटव्हियन लोक घरदार सोडून पूर्वेकडे गेले, त्यात हाही. एस्टोनियातल्या व्हरू गावी १९१६ मध्ये वारला. तेव्हा कोश कुठपर्यंत आला होता? "पातुम्श" या शब्दापर्यंत.

तुम्श म्हणजे काळोखा, अंधारा (आपल्या तमस् च्या कुळातला), आणि पुढे पा लावलं की "थोडंसं". म्हणजे काळसर. मराठीत मागे -सर लागतं, तिकडे पुढे पा लागतं. एवढं लिहून माणूस गेला.

एंडझेलीन्स तेव्हा खार्किव्हला (आता युक्रेनात) प्राध्यापक, १९०९ पासून. १९२० मध्ये स्वतंत्र झालेल्या लॅटव्हियात परत आला, नवीन निघालेल्या विद्यापीठात शिकवायला लागला आणि हा कोश हातात घेतला. १९२३ ते १९३२, चार खंड. अर्थ जर्मनमध्ये दिलेले, कारण जगभरचे भाषातज्ज्ञ तेव्हा जर्मन वाचायचे. मुखपृष्ठावर नाव आधी मीलेनबाख्सचं, आणि त्याखाली या भल्या माणसाचं, "संपादन केलं, भर घातली, पुढे नेला" एवढंच. खरं तर पातुम्श नंतरचं सगळं ह्याचं आणि आधीच्या भागातही ह्याने ठासून भर घातलेली. नंतर एडीते हाउझेनबेर्गा-श्टुर्मा या विद्वान बाईंबरोबर पुरवणीचेही खंड काढले, १९३४ पासून ते थेट १९४६ पर्यंत. मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं, राज्य तीनदा बदललं, पुरवणी चालूच.

सांजवात

काळसर पाशी थांबला... अंगावर काटा आला.

आपल्या दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा काळ पण जवळपास तोच ना? १९३२ ला पहिला खंड. इकडे पहिला निघाला तेव्हा तिकडे शेवटचा.

घनपाठी

एक दुवा मलाही जोडता येईल. पॅरिसचे भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये. त्यांनी १९०८ मध्ये लिहिलं की बाल्टिक (लॅटव्हियन, लिथुआनियन वगैरे) आणि स्लाव्हिक या भाषांची कधी एक सामाईक आई नव्हती, साम्य आहे ते समांतर वाढीमुळे. एंडझेलीन्सने १९११ च्या ग्रंथात यावर मधली वाट काढली, आधी दोन्ही वेगळ्या, मग बराच काळ अगदी शेजारी राहून एकमेकींसारख्या झालेल्या. याच मेयेंचे विद्यार्थी झ्यूल ब्लॉक, ज्यांनी आपल्या मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. त्यामुळे या दोन भाषांचे अभ्यासक तसे एकाच अंगणात खेळलेले.

अनवट

कोश कसा दिसतो आतून? एक नोंद सांगा ना. मला मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश चाळायचा नाद आहे, तसा मजा येतो का?

रीगेकर

मोल्सवर्थएवढा खट्याळ नाही, पण नाद लागतो. ऑनलाइन उघडता येतो, ग्रंथालयात तर आहेच. प्रत्येक शब्दावर सुराचं चिन्ह. सपाटला नागमोडी, घसरत्याला उतरती रेघ, तुटलेल्याला घराच्या छपरासारखं. त्यापुढे तो शब्द कोणत्या गावी तसा म्हणतात त्याचं संक्षिप्त नाव. आणि काही ठिकाणी सुराच्या शब्दापुढे वर बारीक २ चा आकडा. मला वाटलं तळटीप असेल म्हणून खाली शोधत बसलो! नंतर कळलं, २ म्हणजे हा उच्चार अशा भागातून आलाय जिथे तीनाऐवजी दोनच सूर उरलेत, तेव्हा वाचणाऱ्याने जपून. म्हणजे साक्षीदार कुठला, त्याचे कान कसे, तेही नोंदीत.

उदाहरणं बरीचशी दाइनांमधून, म्हणजे इथली लोकगीतं, चार चार ओळींची. क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थांनी २,१७,९९६ दाइना छापून काढल्यात, १८९४ ते १९१५, सहा खंड. चिठ्ठ्या ठेवायला खणाखणांचं कपाट बनवून घेतलं होतं, ते आता राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, मी बघून आलो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच, बायकांनी पिढ्यानपिढ्या म्हटलेलं.

अजून एक गंमत. लॅटव्हियनात "मी खातो" आणि "मी खाल्लं" हे दोन्ही लिहायला अगदी एकच! "एदु". वर्तमानात ए तोंड उघडून, बॅट मधल्या ॲ च्या जवळ, भूतकाळात ए बंद. रोजच्या लिपीत फरक दाखवत नाहीत, कोशात मात्र उघड्या ए ला खाली शेपटी काढलीय. क्लासमध्ये मी दीड वर्ष सगळ्यांना सांगत होतो की मी जेवतोय, आणि त्यांना वाटायचं जेवून आला.

शेंगदाणाचटणी

हाहाहा. आपलं "जरा" आठवलं. जरा थांब मधला जरा आणि म्हातारपण वाला जरा. लिहायला एकच, दंततालव्य कोण दाखवतंय.

गावठीकोंबडा

मी भाषावाला नाही, शेतीवाला आहे. एक प्रश्न, या लोकांना पैसे कोण देत होतं? आणि सोव्हिएत आल्यावर असल्या माणसाला जगू दिलं का?

रीगेकर

पैशाचं नीट माहीत असेल त्याने सांगावं. सोव्हिएतचं सांगतो.

१९४४ मध्ये लाल सेना परत येतेय म्हटल्यावर खूप शिकलेली मंडळी बोटीने स्वीडन आणि जर्मनीकडे गेली. एंडझेलीन्सची विद्यार्थिनी वेल्टा रुके-द्राविन्या स्वीडनला गेली, पुढे स्टॉकहोममध्ये बाल्टिक भाषांची प्राध्यापक झाली, दोन-दोन भाषांत वाढणारी लहान मुलं कशी बोलायला लागतात यावर तिचं काम आहे. एंडझेलीन्स मात्र रीगातच राहिला. वय ७१.

तेव्हा सोव्हिएत भाषाशास्त्रात निकोलाय मार नावाच्या माणसाचा पंथ. मार स्वतः १९३४ मध्येच वारलेला पण पंथ जोरात. जगातल्या सगळ्या भाषा म्हणे सल, बेर, योन, रोश या चार ध्वनिसमूहांतून निघाल्या, भाषा सामाजिक वर्गाप्रमाणे असते, आणि भाषांची कुळं वगैरे बुर्झ्वा थोतांड. आता ज्या माणसाने आयुष्यभर आघात आणि सूर मोजून कुळं जुळवली त्याचं काय होणार! मग १९५० च्या जूनमध्ये खुद्द स्टालिनने प्रावदा या पक्षाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून मारचा पंथ मोडीत काढला. का, ते वेगळ्या धाग्याचा विषय. पण पुढच्याच वर्षी, १९५१ ला, एंडझेलीन्सचं मोठं व्याकरण पहिल्यांदा लॅटव्हियनमध्ये आलं. मूळ जर्मन आवृत्ती १९२२-२३ ची! स्वतःच्या भाषेचं व्याकरण स्वतःच्या भाषेत यायला जवळजवळ तीस वर्षं.

एक बाब राहिली, ती कडू आहे. १९४६ च्या नवीन शुद्धलेखनात "र" खाली शेपटी असलेलं अक्षर काढून टाकलं, मऊ र चं. एंडझेलीन्सचा विरोध होता कारण त्याच्या कानाला तो र वेगळा होता. परदेशी गेलेले लॅटव्हियन मात्र ते अक्षर लिहीत राहिले, त्यामुळे पत्रातला र बघून माणूस कुठे राहतो ते कळायचं. आमच्या आजींच्या बहिणीची कॅनडाहून आलेली पत्रं आहेत, त्यात दिसतो.

एंडझेलीन्स १ जुलै १९६१ ला कोकनेसे इथे वारला. शेवटपर्यंत जागांच्या नावांवर काम, त्याचे भाग १९५६ आणि १९६१ मध्ये आले.

काडीकाका

अनुस्वार काढले तेव्हा आमचे आजोबा पण असेच चिडले होते. नांव मधला अनुस्वार त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही.

गावठीकोंबडा

जागांची नावं म्हणजे गावांची?

रीगेकर

गावांचीच नाही, तीच तर मजा. इथे वाड्या-वस्त्या विखुरलेल्या, प्रत्येक शेतघराला स्वतःचं नाव असतं, पत्त्यात आजही तेच लिहितात. १९२२ आणि १९२५ मध्ये त्याने दोन भाग काढले त्यात शेतघरं, नद्या, ओहोळ, कुरणं, टेकड्या. कारण त्याचं म्हणणं, माणसं भाषा बदलतात पण ओढ्याचं नाव सहसा बदलत नाही. कुर्झेमे (पश्चिम लॅटव्हिया) भागातले जुने कुर लोक नक्की कोण होते याचा वाद होता. जर्मन पाद्री बीलेनश्टाइन त्यांना फिनिश-एस्टोनियन कुळात घालत होते, एंडझेलीन्सने नावं आणि शब्द तपासून १९१२ मध्ये दाखवलं की ते बाल्टिकच. कुरांची भाषा कधीच संपलेली, तिच्यात लिहिलेलं म्हणावं असं काही उरलेलं नाही. नावं उरली.

त्याने प्रशियन या मेलेल्या भाषेचं व्याकरणही लिहिलं, १९४३-४४ मध्ये, भर युद्धात. त्या भाषेचं सगळं भांडवल म्हणजे तीन छोट्या धर्मपुस्तिका, ८०२ शब्दांची एक यादी, आणि थोडं किडूकमिडूक.

गावठीकोंबडा

हे वाचून रात्री झोप नाही आली खरं सांगतो. आमच्या प्रत्येक शेताला नाव आहे. होतं. सातबाऱ्यावर गट नंबर, पोरगा म्हणतो "गट नंबर अमुकमध्ये मोटर चालू आहे". माझे वडील म्हणायचे "हाळाचं".

सांजवात

लिहून काढा ना ती! कोणी आहे का अजून माहीत असणारं?

गावठीकोंबडा

आत्या आहे, ८६ वर्षांची. रविवारी जातो.

अनवट

वाचनखूण साठवली. रीगेकर, आजींना नमस्कार सांगा. आणि पातीच्या कांद्याचं पुढे काय केलंत ते राहिलंच.

रीगेकर

पीठ पेरून भाजी. आजींनी दोनदा घेतली. इथे बेसन मिळतं एका दुकानात पण जपून वापरतो.

गावठीकोंबडा

जाऊन आलो. अकरा मिळाली. लिहितो जशी सांगितली तशी:

हाळाचं, चिंचेचं, म्हसोबाचं, इनामाचं, खळ्याचं, गाडवाटेचं, मळई, वरलं तुकडं, खाललं तुकडं, जोडविहिरीचं, आणि "पिवळीचं".

हाळ म्हणजे विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायचं दगडी कुंड, ते मी लहानपणी बघितलंय, आता विहीर पण बुजली. चिंच १९७२ च्या दुष्काळात तोडली म्हणे, नाव राहिलं. गाडवाटेचं म्हणताना आत्या ग वर असा काही जोर देते की मला तसा म्हणता येत नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलंय. पिवळीचं का ते तिलाही सांगता येईना. माती तर काळी आहे. कोणाला काही सुचतंय का?